परसातला सुरक्षा अधिकारी

नोकरीची सगळी वर्षं मी लोकांची बोटं वाचवण्यात घालवली. कारखान्याच्या सुरक्षा विभागात होतो. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, यंत्र चालू असताना आत हात घालू नका, एवढी तीन वाक्यं मी तमिळ, हिंदी, इंग्रजी आणि फारच चिडलो तर मराठी, अशा चार भाषांतून बोलत असे. निरोपसमारंभात कुणीतरी म्हणालं की, आज कित्येक घरांत माणसं दहा बोटांनी जेवतात ती यांच्यामुळे. जेवायला पाच पुरतात, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र ते वाक्य मनावर घेतलं. निरोपसमारंभातलं काहीही मनावर घेऊ नये, हे मला उशिरा कळलं. अशा या माणसाला घरच्या परसात पाच कोंबड्या आणि एक कुत्रा सुखरूप ठेवता आला नाही, त्याची ही गोष्ट.

कोंबड्या बायकोच्या. ती शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाली तेव्हा शाळेने शाल दिली आणि शाळेच्या फाटकासमोर फुलं विकणाऱ्या बाईने टोपलीत घालून सहा पिल्लं दिली. चेन्नईत शाल पांघरायची वेळ कधीच येत नाही, ती कपाटात गेली. पिल्लं परसात गेली. एक मांजराने नेलं, पाच जगली, आणि पाचही कोंबड्या निघाल्या. आमच्याकडे अंडंसुद्धा फक्त मी खातो. बायकोचं घराणं तंजावरचं, तीनशे वर्षांपूर्वी कावेरीकाठी उतरलेलं. त्यांच्या मराठीत आणि ताटात तेव्हापासून फारसा बदल झालेला नाही. ती कोंबड्या खायला पाळत नव्हती, विकायलाही नाही. बोलायला पाळत होती. सकाळी वाडग्यात तांदळाची कणी घेऊन ती परसात बसायची आणि त्यांच्याशी तमिळमध्ये बोलायची. मला मराठीत वाट्याला यायचं त्याच्या दुप्पट ते बोलणं असायचं. एकीचं पायाचं बोट जन्मापासून वाकडं होतं. ती कोंबडी बायकोच्या पावलावर येऊन बसायची आणि बायको मग वर्तमानपत्र वाचून संपेपर्यंत पाय हलवत नसे.

कुत्रा शेजाऱ्याचा. शेजारी म्हणजे माझा कारखान्यातला दोस्त. अंबत्तूरच्या पलीकडे आम्ही लागूनलागून प्लॉट घेतले आणि मधली भिंत एकच बांधली. तो मला आयुष्यभर 'सेठ' म्हणत आला, कारण उत्तरेकडून मद्रासला आलेला प्रत्येक माणूस त्याच्या लेखी सेठ. सातारा म्हणजे उत्तर नव्हे, हे त्याला पटवायला मी नकाशा नेला होता. त्याने नकाशा पाहिला, सातारा वर आहे म्हणाला आणि विषय संपवला.

त्याची बायको वारल्यावर त्याने हा कुत्रा आणला. चिप्पिपारै जातीचा. ही इकडची, दक्षिणेतली, सशाच्या शिकारीची जात: लांब पाय, आत गेलेलं पोट, मोजून घ्याव्यात अशा बरगड्या. येणारेजाणारे त्याला 'कुत्र्याला जेवायला घालत जा' असं सांगून जात. तो रोज त्यांना शांतपणे 'घालतो' म्हणायचा. कुत्र्याला नाव होतं, पण ते त्याच्याच तोंडी शोभायचं. आम्ही दोघं त्याला 'अरे' म्हणायचो आणि तो यायचा.

मग दोस्ताच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणून मुलीकडे वेलचेरीला राहायला जायचं ठरलं. मुलीच्या मुलीला दमा. तिथे कुत्रा नेता येणार नव्हता. सामान बांधून झाल्यावर तो भिंतीपाशी आला.

"सेठ, हा तुझ्याकडे राहील."

"राहील की."

"आधी बाईंना विचार."

"तिला काय विचारायचं."

लग्नाला पस्तीस वर्षं झालेला माणूस असं बोलतो म्हणजे एकतर शूर असतो किंवा मूर्ख. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बहुधा दुसरा पर्याय निवडला. "विचार," म्हणाला.

विचारलं. बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणा. त्यास कुठें टाकायचें बिचाऱ्यास. पण माझी एक जरी कोंबडी गेली, तर कुत्रं जाईल. समजलें?"

"समजलं."

"लिहून देतां?"

मी खरंच लिहून दिलं. जुनी सवय. कागदाला 'कामाचा परवाना' असं शीर्षक दिलं, अटी लिहिल्या, खाली सही केली. तिने तो कागद डाळीच्या डब्याखाली ठेवला. कुत्र्याचं या जगातलं घर तेवढ्या एका अटीवर उभं होतं. दोस्ताला मी अट सांगितली नाही. "काळजी करू नकोस, कारखान्यात इतकी माणसं सांभाळली," एवढंच म्हणालो.

कामाला मात्र मी चोख लागलो, हे मान्य करावं लागेल. परसाच्या मधून जाळी घातली. पहिले तीन आठवडे कुत्र्याने कोंबड्या जाळीतूनच पाहायच्या. खुराड्यातलं जुनं पोतं त्याच्या अंथरुणाखाली, म्हणजे वासाची ओळख होते. कोंबड्या मोकळ्या सोडायच्या आधी कुत्र्याचं पोट भरलेलं पाहिजे. नंतर पट्ट्याला धरून जाळीच्या आत, आधी पाच मिनिटं, मग दहा. त्यांच्याकडे टक लावून पाहिलं की नाव न घेता पट्टा हलकेच ओढायचा, नजर वळवली की शेंगदाणा. जाळीला दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आणि लाल पाटी: कोंबड्या बाहेर असताना कडीला लाल पाटी लटकवायची आणि जो लटकवेल त्यानेच ती काढायची. कारखान्यात यंत्र दुरुस्तीला घेतलं की आम्ही हेच करत असू.

"कोंबड्यांस हेल्मेट केव्हां घालतां?" बायकोने विचारलं.

मी तिच्याकडे दुर्लक्ष करून भिंतीवर पाटी टांगली. प्रत्येक कारखान्याच्या दारात असते तशी. 'अपघाताविना दिवस', आणि पुढे खडूने आकडा. रोज सकाळी मी जुना आकडा पुसून नवा लिहायचो. निवृत्तीनंतर एवढं समाधान मला दुसऱ्या कशानेच मिळालं नव्हतं, आणि यात माझी लाज आहे तेवढीच माझ्या निवृत्तीचीही आहे.

संध्याकाळी सहाला दोस्ताचा फोन यायचा. डायलिसिसच्या दिवशी आवाज खोल गेलेला असे, पण फोन चुकायचा नाही.

"जेवला?"

"जेवला. दहीभात."

"फोन त्याच्या कानाला लाव."

मी लावायचो. तो तिकडून जिभेने टक टक करायचा, इकडे कुत्र्याचे कान उभे राहायचे. मग तो म्हणायचा, पाण्याच्या भांड्यापाशी ने. कुत्रा लपालपा पाणी प्यायचा आणि हा ते ऐकायचा. डायलिसिसमुळे त्याला स्वतःला दिवसाला मोजून चार भांडी पाणी होतं.

आणि सगळं जमत गेलं. खरंच जमलं. वाकड्या बोटाची एक दिवस झोपलेल्या कुत्र्याची शेपटी टोचून आली. कुत्रा उठला, दोन हात पलीकडे जाऊन पुन्हा झोपला. ती तिथेही गेली. बायको इतकी हसली की कणीचं वाडगं सांडलं. त्या दिवसापासून तिच्या न्याहारीतली अर्धी इडली जाळीच्या त्या बाजूला जायला लागली. "मी देत नाही, उरते," असं ती म्हणायची. मोजून करणाऱ्या गणिताच्या बाईची इडली रोज उरत होती.

एका रविवारी सकाळी कारखान्यातले दोन जुने सहकारी आले. आधी पाटी दाखवली. मग लाल पाटीची पद्धत. मग दोन दारं. एकाने विचारलं, पट्टा काढलात तर काय होईल? मी हसलो. खालच्या माणसाने अडाणी प्रश्न विचारला की हसायचो तसा. आणि पट्टा काढला.

कुत्रा उभा राहिला. कोंबड्या दाणे टिपत त्याच्या पायांतून गेल्या. वाकड्या बोटाची त्याच्या पोटाखाली थांबून खाली पडलेला भाताचा दाणा उचलून पुढे गेली. तो फक्त खाली पाहत होता. सर्कशीतल्या माणसासारखा मी एक हात पसरून उभा होतो. आणि त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

मोठ्याने नाही. कौतुकाच्या, चार-दोन टाळ्या. कोंबड्या दचकल्या आणि पळाल्या.

तोवर त्या त्याच्यासमोर कधी पळाल्याच नव्हत्या. मी त्यांना चालताना दाखवल्या, खाताना, मातीत लोळताना, झोपताना दाखवल्या. पळताना दाखवलं नाही, कारण माझ्या शिस्तीत कोणी पळत नसे. आणि शेकडो वर्षं त्या जातीला माणसाने एकच गोष्ट शिकवली होती, जे पळतं ते आणून द्यायचं.

अपघाताच्या अहवालांत लोक नेहमी लिहायचे की सगळं एका क्षणात घडलं. मी ते वाक्य खोडायला लावायचो. एका क्षणात काही घडत नसतं, आधीपासून घडत आलेलं असतं, असं भाषण द्यायचो. भाषण बरोबर होतं.

त्याने झेप घालून एकीला धरलं, पण फाडलं नाही. एकदाच हिसडा दिला, मग अलगद धरून माझ्या पायाशी आणून ठेवली आणि शेपटी हलवत माझ्याकडे पाहिलं. शेंगदाण्याची वाट पाहत होता. कोंबडीच्या अंगावर रक्तसुद्धा नव्हतं, मान तेवढी भलतीकडे गेली होती. पाय पाहिला. वाकड्या बोटाची.

बायको कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होती. एका पाहुण्याने तिच्या हातून ट्रे घेतला, काय करावं ते न कळून एक पेला उचलला, आणि दोघं चपला घालून निघाले. थोड्या वेळाने तो पेला परत द्यायला आला. भरलेलाच होता.

बायको परसात बसली. कोंबडी मांडीवर घेतली, पिसं सारखी केली. बोलली काहीच नाही. मी शेवग्याखाली खड्डा खणला. तिने तो खणू दिला, एवढंच.

आता मी जे केलं ते. कारखान्यात अपघात झाला की चौकशी समिती नेमायची, दोषी ठरवायचा, तो दोषी त्या जागेवरून हलवायचा, हा क्रम माझ्या हाडात होता. समितीचा सभासद मी एकटाच होतो आणि दोषी ठरवायला मला फार वेळ लागला नाही. खरं म्हणजे तो कुत्रा समोर आला की मला टाळ्या ऐकू यायच्या. पण स्वतःला मी सांगितलं की नियम म्हणजे नियम, लिहून दिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको देवळात गेली होती तेवढ्यात मी ओळखीच्या माणसाची व्हॅन बोलावली. आमचा एक जुना कंत्राटदार गुम्मिडिपूंडीला औद्योगिक वसाहतीच्या मागे आंब्याची बाग राखून होता. त्याला कुत्रा हवाच होता. रेड हिल्सवरून कुत्रा सगळी वाट खिडकीतून डोकं बाहेर काढून बसला होता. उतरताना त्याने खुशीने उडी मारली. मी त्याला फिरायला आणलंय असं त्याला वाटलं.

घरी आलो तर बायको परसात उभी. "कुत्रं कुठें?"

"नेऊन सोडलं. गुम्मिडिपूंडीला. चांगली जागा आहे."

"मी म्हटलें होतें का न्या म्हणून?"

"तूच म्हणालीस. एक जरी कोंबडी गेली तर..."

"तें कोंबडी जायच्या आधीं म्हटलें होतें," ती म्हणाली आणि आत गेली.

मी तिथेच उभा राहिलो. इतकी वर्षं सोबत राहून, माणूस भीतीपोटी बोललेलं आणि दुःखात बोललेलं यांत फरक असतो एवढं मला कळायला हवं होतं. दुःखात ती काहीच बोलली नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

सहा वाजता फोन आला.

"जेवला?"

"जेवला," मी म्हणालो.

"कानाला लाव."

मी फोन समोर धरून उभा राहिलो. तो तिकडून टक टक करत राहिला. मग म्हणाला, पाण्यापाशी ने. आणि मी, सुरक्षा विभागाचा निवृत्त अधिकारी, वय वर्षं बासष्ट, स्वयंपाकघरात गेलो, पातेल्यात पाणी घेतलं, फोन शेजारी ठेवला आणि जिभेने लपालपा पाणी प्यायलो. बायको शेगडीपाशी होती. तिने गॅस बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "घेऊन या त्यास." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मी कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणाला, "मजेत आहे सार, आत्ता कुठे रुळतोय, दोन आठवडे जाऊ द्या." मला तेवढंच हवं होतं. परत आणायचं म्हणजे आपलं चुकलं म्हणायचं, त्याला दोन आठवड्यांची मुदत मिळाली. ते दोन आठवडे रोज सहाला मी पाणी प्यायलो. मग दोस्त म्हणाला, "सेठ, रविवारी त्याला घेऊन ये. बिल्डिंगच्या खाली बसतो मी. नातीला वर ठेवतो. एकदा बघतो."

शनिवारी मी गुम्मिडिपूंडीला गेलो. या वेळी बायकोही आली, पिशवीत इडल्या घेऊन. कंत्राटदाराने आम्हाला खुर्च्या दिल्या, नारळपाणी दिलं, आंब्याच्या मोहराबद्दल बोलला. मग दावं दाखवलं. चावून तोडलेलं. "तिसऱ्याच दिवशी, सार. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." मी त्याला काय बोलणार? मीही त्याच कारणासाठी रोज पाणी पीत होतो.

आम्ही वसाहतीतून दुपारभर फिरलो. प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याला विचारलं. चहाच्या टपऱ्यांवर विचारलं, लॉरीवाल्यांना विचारलं. बायको हाताने उंची दाखवायची आणि म्हणायची, "ओल्लि नाय," म्हणजे बारीक कुत्रा. सगळ्यांनी पाहिला होता. कोणी काल, कोणी महिन्यापूर्वी. एकाने तर लगेच बोलावून आणला, पण तो काळा होता. बारीक कुत्रा विचारला तर तिथला प्रत्येक कुत्रा बारीक. हमरस्त्याच्या कडेलाही आम्ही पाहत गेलो. आपण काय शोधतोय ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही. संध्याकाळी बायकोने इडल्या एका टपरीमागच्या पिल्लांपुढे ठेवल्या आणि पिशवी घडी करून पर्समध्ये घातली.

रविवारी मी एकटा निघालो. सेंट्रलला उतरलो, समोरच्या पार्क टाउनहून वेलचेरीची गाडी धरली. वाटेत मी चार वेगवेगळ्या गोष्टी रचल्या. एकीत कुत्रा आजारी होता, एकीत व्हॅन आली नव्हती.

तो बिल्डिंगच्या खाली सिमेंटच्या बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट. मनगटाच्या वर पट्टी. किती बारीक झाला होता ते फोनवर कळलं नव्हतं. त्याने मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. बराच वेळ मागेच पाहत राहिला.

चारही गोष्टी संपल्या. मी पट्टा काढल्यापासून सगळं सांगितलं. टाळ्याही सांगितल्या.

"कोणती कोंबडी?" त्याने विचारलं.

"वाकड्या बोटाची."

"बाईंची लाडकी."

"हो."

मग तो म्हणाला, "तुला पाणी पिता येत नाही, सेठ. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतक्या मनापासून पीत होतास." तो हसला नाही. "म्हटलं, मेला असेल. तू सांगशील तेव्हा ऐकू."

तो शिव्या देईल म्हणून मी तयारी करून गेलो होतो. मला शिव्या खायला येतात. याचं काय करायचं ते येत नव्हतं. त्याची मुलगी वरून खिडकीतून पाहत होती. तो पट्टीवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "नेताना खिडकी उघडी होती?"

"होती."

"डोकं बाहेर काढून बसला होता?"

"पूर्ण वाट."

"मग वाट बघून ठेवली असेल त्याने," असं म्हणून तो उठला. उठायला मला हात द्यावा लागला.

घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी उठलो तर घराचं पुढचं फाटक सताड उघडं, खाली वीट लावलेली. कोंबड्यांची मातीत लोळायची वेळ झाली होती, पण चारही जाळीच्या आत, आणि दोन्ही दारांना कड्या. ती बाहेर बसून जाळीतून कणी टाकत होती.

"त्या किती दिवस आत राहणार?" मी विचारलं.

"तो येईल तेव्हां पळायला नकोत," ती म्हणाली.

त्याला आता बरेच महिने झाले. उघड्या फाटकातून शेजारपाजारच्या शेळ्या येतात. जाईचा वेल त्यांनी संपवला, पपईची रोपं संपवली. वाटेवरची कुत्री येतात, अंगणात झोपतात, बायको त्यांना पाहून घेते. मी दोनदा फाटक लावायचा विषय काढला. तिसऱ्यांदा काढला नाही.

दोस्ताचा फोन सहाला येतोच. डायलिसिसच्या दिवशी थोडा उशिरा. तो त्याच्या सुईचं सांगतो, मी माझ्या गुडघ्याचं सांगतो, चेन्नईच्या उकाड्याचं दोघं बोलतो.

"फाटक?" शेवटी तो विचारतो.

"उघडं आहे," मी म्हणतो.